साथीला कोण? ऑल्ट-कंट्रीतले अपरिचित कलाकार शोधण्याची पद्धत

मैफलीची जाहिरात वाचताना आपली नजर गायकाच्या नावावर थांबत नाही. ती खाली उतरते: तबल्याला कोण, पेटीवर कोण. साथीची नावं ओळखीची असली की कधीही न ऐकलेल्या गायकाला ऐकायलाही आपण जाऊन बसतो. ऑल्ट-कंट्रीतले, म्हणजे अमेरिकी कंट्री संगीताच्या रॉककडे झुकलेल्या, मुख्य धारेबाहेरच्या शाखेतले, कमी माहीत असलेले गायक शोधायला हीच सवय कामाला येते. इतर सगळ्या युक्त्या तिच्या मागून.

कारण गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर भिस्त ठेवली की काय होतं ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. शोधपट्टीत ‘ऑल्ट-कंट्री’ टाकलं की विल्को, ल्युसिंडा विल्यम्स, जेसन इस्बेल, स्टर्जिल सिम्पसन समोर येतात. सगळे ऐकावेत असेच आहेत, पण महिनाभराने पुन्हा तेच येतात. ही यंत्रणा मुख्यतः ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं’ या हिशेबावर चालते. ज्याचे श्रोतेच मोजके, त्याची सांगड कोणाशी घालायची हे ठरवायला तिच्याकडे पुरेसा मालच नसतो. १९९४ साली टेक्सासमधल्या एका छोट्या लेबलवर (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवर) आलेला अल्बम त्या हिशेबात वर येणं जवळपास अशक्य. तो अल्बम कसा सापडतो ते पुढे येईलच.

आधी कान तयार करा

इतिहास थोडक्यात पुरे. सेंट लुईसजवळच्या बेलव्हिल, इलिनॉय या गावातल्या अंकल टुपेलो या बँडने १९९० साली ‘नो डिप्रेशन’ हा अल्बम काढला. नाव कार्टर फॅमिलीच्या १९३६ सालच्या एका गाण्यावरून घेतलेलं. पंक रॉकचा गोंगाट आणि जुन्या कंट्रीची साधी, उघडी गाणी एका रेकॉर्डवर नांदली. १९९५ मध्ये याच नावाचं मासिक निघालं आणि या संगीताला घर मिळालं. अर्थात मुळं त्याहून जुनी आहेत: १९६८ साली बर्ड्स या रॉक बँडमध्ये आलेला ग्रॅम पार्सन्स, आणि टेक्सासचे गीतकार टाउन्स व्हॅन झँट व गाय क्लार्क. आज यातल्या बऱ्याच संगीताला ‘अमेरिकाना’ म्हणतात. शोधताना दोन्ही शब्द वापरा, पण नावावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

जास्त महत्त्वाचं आहे ते पेडल स्टील हे वाद्य ओळखता येणं, कारण पुढचा अर्धा शोध त्याच्या वादकांवरून होतो. पायांवर उभ्या केलेल्या अरुंद टेबलासारखं हे वाद्य असतं. एका पट्टीवर साधारण १० तारा. उजव्या हाताच्या बोटांत पिक, डाव्या हातात तारांवरून सरकवायची पोलादी दांडी, पायाखाली पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या. पेडल दाबलं की एक-दोन तारांचाच सूर चढतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. त्यामुळे एक स्वरसंगती दुसरीत विरघळत जाते, मध्ये कुठे जोड दिसत नाही. ही मींड आपल्या कानाला परकी नाही. हवाईयन गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या धून रेडिओवर ऐकत मोठी झालेली पिढी आपल्याकडे आहे, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर त्या वाद्यावर राग मांडले. हवाई बेटांवरची आडवी गिटार एकीकडे भारतात आली आणि दुसरीकडे अमेरिकेत कंट्रीत शिरून पुढे तिचं पेडल स्टील झालं. घराणं एकच. म्हणून मराठी श्रोत्याला गायकाचा उच्चार कळायच्या आधी स्टील कळतं.

एकच रेकॉर्ड घ्या आणि ती पुरती वाचा

सुरुवातीला ‘१०० सर्वोत्तम’ छापाच्या याद्या बाजूला ठेवा. याद्यांनी नावं कळतात, पण नावांमधलं नातं कळत नाही. आणि नातं कळल्याशिवाय पुढचं नाव आपलं आपण शोधता येत नाही.

तुम्हाला मनापासून आवडलेली एक रेकॉर्ड पाया म्हणून घ्या. इथे उदाहरणाला अंकल टुपेलोची शेवटची स्टुडिओ रेकॉर्ड घेऊ: ‘ॲनोडाइन’, १९९३. ती ऑस्टिनमध्ये, मागाहून वाद्यांचे थर न चढवता, सगळ्यांनी एकत्र वाजवून ध्वनिमुद्रित केली. तीन वेळा ऐका. एकदा नुसती. एकदा गाण्याचे शब्द समोर ठेवून. एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून, फक्त फिडल (कंट्रीतलं व्हायोलिन) आणि स्टीलच्या मागे. तिसऱ्या वेळी काय आवडलं ते नेमकं कळतं, आणि कुठला धागा धरायचा तेही.

मग वहीत पाच गोष्टी लिहा: वादक, निर्माता, पाहुणे, लेबल आणि गाव. ‘ॲनोडाइन’साठी हे पान असं भरतं. गायक-गीतकार दोघे: जे फरार (‘जे’ हे त्याचं नाव) आणि जेफ ट्वीडी. ड्रमवर केन कूमर. बासला जॉन स्टिरॅट. फिडल, मँडोलिन, बँजोवर मॅक्स जॉन्स्टन. पेडल स्टीलवर लॉइड मेन्स. निर्माता ब्रायन पॉलसन. एका गाण्यात पाहुणा डग साम. लेबल साइअर. गाव बेलव्हिल.

बँड १९९४ मध्ये फुटला. फरारने सन व्होल्ट काढला, ट्वीडीने विल्को. ही दोन नावं तुम्हाला कोणीही सांगेल. बाकीच्या नावांमागे गेलं की खरी दारं उघडतात.

मॅक्स जॉन्स्टनचाच धागा बघा. बँड फुटल्यावर तो विल्कोत गेला. १९९६ मध्ये तिथून बाहेर पडला आणि फ्रीकवॉटरबरोबर वाजवू लागला. फ्रीकवॉटर म्हणजे कॅथरीन अर्विन आणि जॅनेट बीन या दोघींचे जोडसूर: एकीचा आवाज खरबरीत आणि खालचा, दुसरीचा वर ताणलेला, दोन्ही एकमेकांत मुद्दाम नीट न बसवलेले. त्यांची ‘ओल्ड पेंट’ ही १९९५ची रेकॉर्ड या शैलीतल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे आणि ती अजूनही फार थोड्यांनी ऐकली आहे. त्यानंतर जॉन्स्टन ऑस्टिनच्या गोर्ड्समध्ये गेला. ॲकॉर्डियन, मँडोलिन आणि अर्ध्या कळणाऱ्या, अर्ध्या न कळणाऱ्या शब्दांची मौज असलेला बँड. एका फिडलवाल्याचं बोट धरून तीन बँड झाले.

जॉन स्टिरॅटचा धागा घरातूनच जातो. त्याची जुळी बहीण लॉरी स्टिरॅट मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डच्या ब्लू माउंटनमध्ये बास वाजवायची, कॅरी हडसनबरोबर. त्यांची १९९५ची ‘डॉग डेज’ ऐकली की सन व्होल्टच्या पहिल्या रेकॉर्डवर प्रेम करणाऱ्याला हा बँड आजवर कसा निसटला याचं आश्चर्य वाटतं.

श्रेयनामावलीत नसलेली माणसंही विसरू नका. अंकल टुपेलोच्या दौऱ्यांत गिटारी सांभाळायला ब्रायन हेनमन असायचा. मिसुरीतल्या फेस्टस गावचा हा माणूस. त्याच्या बॉटल रॉकेट्सची ‘द ब्रुकलिन साइड’ १९९४ साली आली. छोट्या गावातल्या कामकरी लोकांचं इतकं थेट चित्रण नामवंतांच्या रेकॉर्डवरही क्वचित मिळतं. ‘आभार’ या शीर्षकाखालची नावं वाचायची ती याचसाठी.

डग साम हे दार सान अँटोनियोकडे उघडतं, टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या संगीताकडे, टेक्सास टॉर्नेडोजकडे. निर्माता पॉलसनने सन व्होल्ट आणि विल्को या दोघांच्याही पहिल्या रेकॉर्डवर काम केलं. त्या दोन्ही १९९५च्या. एकामागोमाग ऐका, बाजू घ्यायची नाही.

लॉइड मेन्सच्या मागे: एक धागा शेवटपर्यंत

श्रेयनामावली शोधायला सर्वांत कामाची जागा म्हणजे डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ. ती फुकट आहे, खातं न उघडताही वाचता येते. वादकाच्या नावावर टिचकी मारली की त्याचं पान उघडतं आणि त्यात ‘क्रेडिट्स’ विभागात वादन, निर्मिती, तांत्रिक काम अशी वेगवेगळी वर्गवारी असते. लॉइड मेन्सच्या पानावर नोंदींचा डोंगर आहे. सगळा चढू नका. तुमच्या पायाच्या रेकॉर्डचं साल घ्या, त्याच्या पाच वर्षं मागे आणि पाच वर्षं पुढे एवढीच खिडकी ठेवा. शिवाय ‘वादन’ आणि ‘निर्मिती’ वेगवेगळं बघा. वादक म्हणून माणूस पैशासाठी कुठेही वाजवून येतो. निर्माता म्हणून महिनाभर बसतो तेव्हा ते संगीत त्याला आवडलेलं असण्याची शक्यता बरीच जास्त.

हे केलं की मेन्सचं गाव पुढे येतं: पश्चिम टेक्सासमधलं लबक. सपाट, वाऱ्याचं, कापसाचं गाव. जो इली या गायकाच्या बँडमध्ये मेन्स स्टील वाजवायचा. इली, जिमी डेल गिलमोर आणि बुच हँकॉक या तिघांचा फ्लॅटलँडर्स नावाचा बँड होता. त्याच गावात वाढलेल्या टेरी ॲलनच्या १९७९च्या ‘लबक (ऑन एव्हरीथिंग)’ या जोड-रेकॉर्डवरही मेन्सच आहे. ॲलन मुळात चित्रकार-शिल्पकार, आणि गाणीही डोळ्यांसमोर उभी राहणारी. द चिक्स या कंट्री बँडची नॅटली मेन्स ही लॉइडची मुलगी, म्हणजे लाखोंनी खपलेल्या रेकॉर्ड आणि कोणी न ऐकलेल्या रेकॉर्ड एकाच घरातून निघतात.

आता खिडकी १९८८ ते १९९८ अशी ठेवून निर्मितीच्या नोंदी वाचा. १९९४पाशी एक नाव येतं: रिचर्ड बकनर, ‘ब्लूम्ड’. सॅन फ्रान्सिस्कोकडचा एक तरुण गीतकार लबकला गेला आणि मेन्सने त्याची पहिली रेकॉर्ड केली. डेजाडिस्क नावाच्या टेक्सासच्या छोट्या लेबलने ती काढली. जाड, थकलेला आवाज, गिटार, फिडल, स्टील, आणि मोडत चाललेल्या नात्यांची गाणी. सुरुवातीला म्हटलं तो अल्बम हाच. ॲपने सुचवलं नसतं, मेन्सने आणून दिलं. पुढे मर्ज या लेबलने २०१४ मध्ये तो पुन्हा काढला, म्हणून आज तो सहज ऐकायला मिळतो.

डिस्कॉग्जवर तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रत्येकीची नोंद वेगळ्या माणसाने भरलेली असते. एकीत वादकांची नावं नसली तर दुसरी उघडा. साधारणपणे मूळ सीडीची किंवा पुनर्मुद्रणाची नोंद जास्त भरलेली सापडते. पानावर आतल्या कागदाचे फोटो असतील तर ते मोठे करून स्वतः वाचा. दोन, एकाच नावाचे अनेक कलाकार असले की नावापुढे कंसात आकडा असतो. तो आकडा न बघता टिचकी मारली की कंट्रीच्या ड्रमवाल्याऐवजी भलताच माणूस समोर येतो. तीन, एखाद्याचं काम गाण्यांच्या संकलनांमुळे फुगलेलं दिसतं. एकच गाणं २० संकलनांत असलं की २० नोंदी होतात. संकलनं वगळून वाचा.

आणि हो, शोधताना नावं रोमन लिपीत नेमकी लिहावी लागतात. फरारमध्ये मधला ‘आर’ दोनदा येतो, लबकमध्ये ‘बी’ दोनदा, टाउन्समध्ये शेवटच्या ‘एस’आधी ‘ई’ आहे, लॉइडची सुरुवात दोन ‘एल’नी होते, आणि गोर्ड्स म्हणजे भोपळे, तेच स्पेलिंग.

लेबल आणि गाव

छोटं लेबल म्हणजे दोन-चार माणसांची आवड. ती आवड तुमच्याशी जुळली तर त्यांची अख्खी यादी वाचण्याजोगी असते. शिकागोचं ब्लडशॉट हे त्याचं ठळक उदाहरण. १९९४ मध्ये त्यांनी शिकागोतल्या बँडचं एक संकलन काढून सुरुवात केली आणि आपल्या संगीताला ‘बंडखोर कंट्री’ म्हटलं. रायन ॲडम्स आणि नीको केस यांच्यामुळे लेबल माहीत असतं, पण खजिना त्यांच्या आजूबाजूला आहे: वेको ब्रदर्स, रॉबी फुल्क्स, केली होगन, आणि ट्रेलर ब्राइड, ज्यांची मेलिसा स्विंगल करवतीवर धनुकली फिरवून सूर काढते.

लेबलची यादी वाचायची युक्ती अशी. आवडलेल्या रेकॉर्डचा क्रमांक बघा आणि त्याच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन रेकॉर्ड ऐका. एकाच हंगामात निघालेल्या रेकॉर्डमागे बऱ्याचदा तोच स्टुडिओ, तेच वादक आणि तीच उमेद असते. लेबलने स्वस्तात काढलेलं नमुना-संकलन मिळालं तर ते आधी घ्या.

आजच्या घडीला नजर ठेवण्याजोगी लेबलं: जॉन प्राइनने १९८१ साली सहकाऱ्यांबरोबर सुरू केलेलं ओह बॉय, जिथे केंटकीची केल्सी वॉल्डन आणि ओहायोचा आर्लो मॅकिन्ली आहेत, नॉर्थ कॅरोलायनाची येप रॉक आणि पॅराडाइज ऑफ बॅचलर्स, आर्कान्सातलं गार होल, ज्याच्याशी निक शोल्डर्स हा शीळ आणि योडेल करणारा अफलातून गायक जोडलेला आहे, आणि लंडनचं लूज.

लेबलाहून खोल धागा गावाचा. एका गावात चांगले ड्रमवाले तीन-चारच असतात, परवडणारा स्टुडिओ एखादा, गाणी लक्ष देऊन ऐकणारा क्लब एखादा. त्यामुळे बँड एकमेकांत गुंतलेले असतात. नॉर्थ कॅरोलायनातलं रॅली घ्या आणि एकच साल घ्या, १९९७. व्हिस्कीटाउनची ‘स्ट्रेंजर्स अल्मनॅक’ त्या वर्षीची, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. त्याच वर्षी, त्याच गावातून बॅकस्लायडर्सची ‘थ्रोइन रॉक्स ॲट द मून’ आणि ६ स्ट्रिंग ड्रॅगची ‘हाय हॅट’ आली. ‘हाय हॅट’ तर स्टीव्ह अर्लने आपल्या लेबलवर काढली. तिन्ही सलग ऐका. आधी माहीत असलेली रेकॉर्डही वेगळी ऐकू येते.

असंच टेक्सासमधल्या डेंटनचं: स्लॉबरबोन आणि सेंट्रो-मॅटिक. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टनचे स्कड माउंटन बॉइज, ज्यांची ‘मॅसॅच्युसेट्स’ १९९६ मध्ये सब पॉपने काढली: कुजबुजल्यासारखं गाणं, रात्री उशिराच ऐकावं असं. पूर्व केंटकीचा टायलर चाइल्डर्स आता फार मोठा झाला, पण त्याच डोंगरांतल्या बीटीव्हिलचा इयन नो आवर्जून ऐका. त्याची ‘बिट्वीन द कंट्री’ २०१९ची. ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरकडच्या संगीताला ‘रेड डर्ट’ म्हणतात. तिकडे जायचं तर टर्नपाइक ट्रूबडॉर्स आणि मग जॉन फुलब्राइट.

शोधवाक्य लिहिताना ‘बेस्ट’ हा शब्द टाळा. गावाचं नाव, दशक आणि वाद्य लिहा: ‘डेंटन, १९९०चं दशक, ऑल्ट-कंट्री’. ‘बेस्ट’ टाकलं की जाहिरातींवर चालणाऱ्या याद्या येतात. गाव टाकलं की तिथल्या स्थानिक वृत्तपत्रांचे जुने लेख येतात, आणि त्यात मुख्य बँडच्या आधी कोण वाजवून गेलं हे लिहिलेलं असतं. त्या आधी वाजवणाऱ्यांची नावं वहीत उतरवा.

आत्ताचे कलाकार

पद्धत नव्या संगीतालाही तशीच लागू पडते. वॉक्सहॅची या गायिकेची २०२४ची ‘टायगर्स ब्लड’ घ्या. निर्माता ब्रॅड कुक, गिटार आणि आवाजाला एम. जे. लेंडरमन. लेंडरमनकडून नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या वेन्सडे या बँडकडे जाता येतं, जिथे कर्कश गिटारींच्या मधोमध झँडी चेल्मिसची स्टील रडते. ब्रॅड कुककडून २०२२च्या प्लेन्सकडे, म्हणजे वॉक्सहॅची आणि जेस विल्यम्सन यांच्या जोडीकडे, आणि तिथून विल्यम्सनच्या एकटीच्या रेकॉर्डकडे. प्रत्येक पायरीला श्रोत्यांची संख्या घटते, दर्जा घटत नाही.

ज्यांची अजून रेकॉर्डच नाही, त्यांच्यासाठी यूट्यूबवरच्या दोन वाहिन्या: जेम्स (म्हणजे रत्नं) ऑन व्हीएचएस आणि वायोमिंगमधल्या लॅरमीची वेस्टर्न एएफ. एक माणूस, एक गिटार, एक कॅमेरा, शक्यतो एकाच दमात चित्रित केलेलं. २०२५ मध्ये चार ग्रॅमी मिळवणारी सिएरा फेरेल अनेकांनी पहिल्यांदा पाहिली ती अशाच व्हिडिओत. या वाहिन्या बघताना क्रम ‘लोकप्रिय’ न ठेवता ‘नवीन’ ठेवा. दहा व्हिडिओंची पहिली ९० सेकंदं ऐका. दोन-तीन धरून ठेवतील, तेवढे पुरे.

रेडिओला वेळेचं गणित लागतं. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या डब्ल्यूडीव्हीएक्सवर दुपारी १२ वाजता ‘ब्लू प्लेट स्पेशल’ हा जिवंत कार्यक्रम असतो. आपल्याकडे तो मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत रात्री ९:३० वाजता, इतर वेळी १०:३० वाजता ऐकू येतो, कारण मध्ये तिकडची घड्याळं तासाने सरकतात. सिॲटलच्या केईएक्सपीवर डॉन स्लॅकचा ‘स्विंगिन डोअर्स’ गुरुवारी संध्याकाळी लागतो, म्हणजे आपल्या शुक्रवारी सकाळी. वेळ जमली नाही तरी त्यांच्या संकेतस्थळावर वाजवलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद असते. ती वाचणं हेच एक शिक्षण आहे. वेस्ट व्हर्जिनियाचा ‘माउंटन स्टेज’ १९८३ पासून चालू आहे. एका भागात चार-पाच कलाकार असतात. नावाजलेल्यासाठी भाग उघडा आणि त्याच्या आधी गायलेल्यांना सोडू नका.

बँडकँप: खरेदी आणि शेजाऱ्यांची कपाटं

बँडकँपवर कलाकार स्वतः अल्बम विकतात. तिथे शैलीचा टॅग लावता येतो, पण नुसत्या ‘ऑल्ट-कंट्री’ टॅगखाली गर्दी फार. टॅगबरोबर ठिकाण निवडा आणि क्रम ‘नवीन’ ठेवा. यादी एकदम माणसाच्या आवाक्यात येते.

खरी सोय मात्र अल्बमच्या पानावर असते. तिथे तो विकत घेतलेल्या लोकांचे छोटे फोटो दिसतात. त्यावर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. १००-४०० अल्बम असलेला आणि तुमच्या आवडीचे निदान तीन अल्बम असलेला संग्रह निवडा. हजारोंचा असेल तर तो साठवणारा माणूस आहे, निवडणारा नाही. समान तीन सोडून बाकीच्यांतले ज्यांच्याबद्दल त्या माणसाने चार शब्दांची शिफारस लिहिली आहे, ते आधी ऐका.

भारतातून पैसे भरताना बहुतेकदा अडतं ते कार्डावर. आपल्याकडे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा हवी तेवढीच ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. डॉलरच्या किमतीवर बँक साधारण २ ते ३.५ टक्के चलन-बदल शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, तेवढं धरून चाला. बँडकँप डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा ठेवतं. ‘बँडकँप फ्रायडे’ म्हणून जाहीर केलेल्या शुक्रवारी तो वाटाही सोडतं, म्हणून आवडलेले अल्बम वहीत साठवून त्या दिवशी एकत्र घ्या. ४० मिनिटांचा अल्बम ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये सुमारे ९६ एमबी होतो, फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाईलमध्ये) त्याच्या दुप्पट-तिप्पट. जागा असेल तर फ्लॅक घ्या. सीडी किंवा विनाइल मागवताना किमतीआधी टपालखर्च बघा. एका रेकॉर्डला तो रेकॉर्डपेक्षा जास्त पडू शकतो.

काय चुकतं

नावांचा गोंधळ हा रोजचा. रायन ॲडम्स शोधताना ब्रायन ॲडम्स येतो. ब्लू माउंटन टाकलं की कॉफी आणि सहलीची ठिकाणं येतात. म्हणून बँडबरोबर अल्बमचं नाव जोडून शोधा. ॲपवर एकाच नावाच्या दोन कलाकारांची गाणी एका पानावर मिसळलेली असतात. अचानक तिसरा अल्बम इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा निघाला, तर कलाकाराने वळण घेतलं असं समजू नका, साल आणि लेबल तपासा. जुन्या फायलींवरची नावंही तपासावी लागतात: नॅपस्टर या गाण्यांच्या फायली वाटून घ्यायच्या सेवेच्या दिवसांत गोर्ड्सने गायलेलं स्नूप डॉगचं एक गाणं फिश या बँडच्या नावावर जगभर फिरलं आणि कित्येकांना खरं नाव वर्षानुवर्षं कळलं नाही. श्रेय चुकलं की माणसाची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर जाते. त्यामुळे फाईल साठवताना नाव नीट लिहा.

अलीकडे यंत्राने तयार केलेली कंट्री गाणीही ॲपवर भरली आहेत. ओळखायची कसोटी तीच, साथीला कोण? वादकांची नावं नाहीत, स्टुडिओ नाही, कुठल्या गावात कधी गायल्याची नोंद नाही, आणि काही महिन्यांत डझनभर अल्बम: असं दिसलं की पुढे जा.

वेग हीही एक चूक. आठवड्याला तीन नव्या रेकॉर्ड पुरेत. या संगीतात पहिल्या ऐकण्याला बरेचदा काहीच घडत नाही. चाली साध्या असतात आणि जे आहे ते शब्दांत असतं. रोज १० कलाकार चाळले तर फक्त मोठ्या आवाजाचे लक्षात राहतात, आणि शोधायला निघालो होतो ते हळू बोलणारे. तिसऱ्या ऐकण्यानंतरही काही जुळलं नाही तर नाव खोडा, पण कोणत्या धाग्यावरून आलं होतं ते राहू द्या. तो वादक दुसऱ्या कोणाबरोबर जुळेल.

काही रेकॉर्ड मात्र कुठेच मिळत नाहीत. १९९०च्या दशकातली अनेक छोटी लेबलं बुडाली आणि हक्क अधांतरी राहिले. अशांसाठी आधी इंटरनेट आर्काइव्हच्या ‘लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह’मध्ये बघा, ज्या बँडनी परवानगी दिली, त्यांच्या कार्यक्रमांची श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणं तिथे फुकट उतरवून घेता येतात. ड्राइव्ह-बाय ट्रकर्सचे तर ढीग आहेत. नंतर पुनर्मुद्रण करणाऱ्या लेबलांच्या याद्या: न्यूमेरो ग्रुप, लाइट इन द ॲटिक, ऑम्निव्होर. टेरी ॲलनची १९७९ची ‘लबक’ पॅराडाइज ऑफ बॅचलर्सने २०१६ मध्ये निगुतीने पुन्हा काढली. फ्लॅटलँडर्सचं १९७२चं ध्वनिमुद्रण आधी फक्त एट-ट्रॅक टेपवर निघून जवळपास हरवलं होतं, ते राउंडरने १९९० मध्ये बाहेर आणलं. तेव्हा न मिळालेल्या रेकॉर्डचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर, सालासकट लिहून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी एकदा ते पान काढून शोधा.